लागला का?

संध्याकाळी साडेसातला मी यंत्राचं बटण दाबतो आणि मग अर्धा तास काहीच करत नाही. म्हणजे चहा घेतो, गॅलरीतल्या मोगऱ्याची पिवळी पानं खुडतो, समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी आज स्वेटर घातलाय की नाही ते पाहतो. पण संगीताच्या दृष्टीने काहीच करत नाही. यंत्र तापायचं असतं. तवा तापल्याशिवाय धिरडं सुटत नाही, हे स्वयंपाकघरातलं शहाणपण जपानमध्ये १९७८ साली निघालेल्या या काळ्या पेटीलाही लागू पडतं. तिच्या पोटातले ट्रान्झिस्टर उष्णतेच्या बाबतीत फार हळवे. यंत्र थंड असताना लावलेला षड्ज ते ऊबदार होत जातं तसा जागेवरून सरकू लागतो. एसटीत शेजारी झोपलेल्या माणसाचं डोकं जसं आपल्या खांद्याकडे येतं, तसा, इतका सावकाश की नेमका केव्हा आला ते कळत नाही. आठच्या सुमाराला आतून बायको विचारते, "लागला का?" मी म्हणतो, "लागतोय." मग थोडा वेळ भांड्यांचा आवाज, आणि पुन्हा, "मग पानं घेऊ, की थांबू?"

या घरात कुणी 'सूर' हा शब्द वेगळा उच्चारत नाही. नुसतं 'लागला का' म्हटलं की पुरतं.

सिंथेसायझर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे कार्यालयातला तो चपळ कीबोर्ड येतो, एक बटण दाबलं की बासरी आणि दुसरं दाबलं की सनई. माझं यंत्र त्या घराण्यातलं नव्हे. त्याचं नाव एमएस-२०. ३७ पट्ट्या, आणि त्यांच्यामागे घाटातल्या कड्यासारखं उभं पॅनेल, त्यावर नॉबच नॉब आणि उजव्या हाताला भोकं. आत बासरी नाही, सनई नाही, कुणाचीही साठवलेली आठवण नाही. आत फक्त वीज आहे. ऑसिलेटर नावाचं एक मंडल विजेला सेकंदाला काहीशे हेलकावे देतं, आणि ते हेलकावे स्पीकरमधून बाहेर आले की आपण त्यांना स्वर म्हणतो. हा कच्चा स्वर म्हणजे मच्छरदाणीत शिरलेला डास. पुढे फिल्टर त्यातलं नको ते गाळतो आणि डासाचा हळूहळू माणूस होतो. झालाच तर.

सापडलेला आवाज जपून ठेवायची सोय या यंत्रात नाही. एक नॉब हलला की तो गेला. म्हणून मी नॉबांच्या जागा लिहून ठेवतो, आणि घरात त्या वेळी हाताशी दुसरं काही नसल्यामुळे बायकोच्या पाककृतींच्या वहीत, मागच्या पानापासून उलटं लिहायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत तिच्या आणि माझ्या नोंदी मध्ये येऊन भिडल्या आहेत. एका पानावर वरती उकडीच्या मोदकांचं प्रमाण आहे आणि खाली 'कटऑफ साडेचार, पीक सात, किंचित कमी'. 'किंचित' तिच्याही नोंदीत आहे. त्याचा नेमका अर्थ आम्ही एकमेकांना कधी विचारलेला नाही. शिवाय ज्या दुपारी तो आवाज सापडला ती दुपार वहीत उतरत नाही. सगळे नॉब जागच्या जागी लावूनही समोर येतो तो त्याचा चुलतभाऊ. नाकडोळे तेच, स्वभाव वेगळा.

हे यंत्र माझ्याकडे आलं त्याला पंचवीसेक वर्षं झाली. गिरगावात एका जुन्या ऑर्केस्ट्रातले वादक चाळीतली खोली रिकामी करत होते. गणेशोत्सवातल्या रात्री संपल्या होत्या, मुलगा परदेशी, आणि नवे कीबोर्ड स्वस्त झाले होते. 'बिघडलेलं नाही, म्हातारं झालंय,' असं त्यांनी सांगितलं आणि वर गोधडी दिली, गुंडाळायला. डेक्कन क्वीनमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांना गोधडीतून डोकावणारे नॉब दिसले. त्यांनी आधी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, "घरी कुणाला लावायचंय?" त्यांना ते दवाखान्यातलं वाटलं होतं. मी म्हटलं, "मलाच." पुढे कर्जतला मागून बँकर इंजिन लागलं, गाडी घाट चढली, आणि लोणावळा येईपर्यंत त्या गृहस्थांनी मला दोनदा पाणी विचारलं.

पुण्यात आल्यावर कळलं की जपानी घरांत वीज १०० व्होल्टची आणि आमच्या घरात २३०ची. तपकीर गल्लीत जाऊन एक ट्रान्सफॉर्मर आणला. तो यंत्रापेक्षा वजनदार आहे आणि स्वतःच एक खर्ज धरून असतो. माझ्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत ही गुणगुण खाली वाहते. सुरुवातीला मी ती काढायला धडपडलो. नंतर तिच्याच सुरात लावायला लागलो. भांडण्यापेक्षा साथ परवडली.

पण मी त्या यंत्राला भुललो ते आवाजामुळे नव्हे, भोकांमुळे. पॅनेलच्या उजवीकडे जी भोकं आहेत त्यांत दोरीसारख्या वायरी खोचून आतले भाग एकमेकांशी हवे तसे जोडता येतात, आणि त्या वायरींच्या टोकाला पाव इंची प्लग असतो. हा प्लग मी जन्मभर हाताळलेला. टेलिफोन खात्यात मी ट्रंक बोर्डावर होतो. गिटारपासून सिंथेसायझरपर्यंत सगळीकडे दिसणारा हा प्लग मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडला. ऑपरेटरने तो एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचला की बार्शीचा माणूस मुंबईच्या माणसाशी बोलू लागे. गिरगावातल्या त्या खोलीत मी पहिली वायर खोचली तेव्हा जो 'टक्' आला, त्याने माझा अंगठाच आधी ओळख पटवून मोकळा झाला.

ट्रंक कॉल बुक करून लोक घरी वाट बघत बसत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर चढत जायचे, पण मधल्या एखाद्या गावची लाइन कोरडी पडली की विजेच्या दरानेही काही हलत नसे. दर दहा मिनिटांनी विचारणा यायची, "लागला का?" कोणाचं लग्न ठरायचं असायचं, कुणाकडे माणूस जायच्या वाटेवर असायचा. मी म्हणायचो, "लावतोय." लावणं माझ्या हातात होतं, लागणं नव्हतं. मराठीने ही दोन क्रियापदं इतकी जवळ ठेवली आहेत आणि त्यांच्यामध्ये केवढी दरी सोडली आहे. फोन आपण लावतो, तो लागतो. जीव लावतो, तो लागतो. डोळा तर मुद्दाम लावून लागतच नाही.

हाच प्रश्न त्याआधी मला मिरजेत आत्या विचारायची. आत्याकडे सतारमेकर गल्लीतून आणलेला तंबोरा होता, आणि सुट्टीत मी गेलो की तो लावायचं काम माझ्याकडे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याला हे सांगितलं असतं तर तिने 'म्हणजे आता भोपळा महागणार' एवढंच म्हटलं असतं.) आत स्वयंपाकघरात ती काही निवडत, सोलत बसलेली असायची आणि बाहेर मी खुंट्या पिळत. "लागला का रे?" मी म्हणायचो, "हो." ती म्हणायची, "नाही." भिंतीपलीकडून. मग पदराला हात पुसत बाहेर यायची, जोडीच्या तारेचा मणी नखभर खाली सरकवायची, आणि चौथ्या-पाचव्या छेडीला तो भोपळा असा काही बोलायला लागायचा की खोलीतल्या पितळी डब्यांनाही त्यांचं त्यांचं काहीतरी आठवायचं.

तिची खरी करामत मात्र दोऱ्याची. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की त्याच तारेतून, त्याच स्वरातून, आत लपलेले वरचे स्वर एकामागून एक उजळत जातात. मेणबत्ती हळूहळू फिरवली की अंधाऱ्या माजघरातली एकेक वस्तू दिसावी, तसे. याला जवारी काढणं म्हणतात. माझ्या यंत्रावर 'कटऑफ' नावाचा नॉब आहे, आणि शेजारी 'पीक' नावाचा. पहिल्यांदा पीक वाढवून कटऑफ सावकाश फिरवला, आणि त्या डासासारख्या स्वरातून एकेक वरचा स्वर उजळून विझू लागला, तेव्हा मी दचकून आजूबाजूला पाहिलं. अभियंते याला रेझोनन्स म्हणतात, मी आत्याचा दोरा म्हणतो. फरक इतकाच की आत्याच्या दोऱ्याला विजेचं बिल येत नसे, आणि त्याचं एक टोक नेहमी तिच्या लुगड्याच्या रंगाचं असे.

आता रेकॉर्डिंगबद्दल. हे यंत्र एका वेळी एकच स्वर काढतं. दोन पट्ट्या दाबा, ते त्यांतल्या एकीचंच ऐकणार. पाश्चात्त्य संगीताला ही मोठीच अडचण होती. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली मूग सिंथेसायझरवर बाखचं संगीत वाजवून 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा एकेक सुरावट वेगळी वाजवून थरावर थर चढवावे लागले. यंत्र सारखं सुरातून उतरायचं, आणि वाजवण्यापूर्वी त्याला हातोडीचा प्रसाद द्यावा लागे, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. ज्या ध्वनिमुद्रिकेने अर्ध्या जगाला भविष्यकाळ ऐकवला तिच्यामागे एक हातोडी होती, याचा मला फार आधार वाटतो. आपल्याकडे एका वेळी एक स्वर ही अडचणच नव्हे. आपण त्या एकाच्या मागे आयुष्य घालवतो. पण मला मोह सुटला नाही, आणि मी कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं एक यंत्र मिळवलं. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 'नेब्रास्का' हा अल्बम १९८२ साली असल्याच एका यंत्रावर, घरातल्या खोलीत केला. त्यांच्या शेजारी बहुधा सकाळ-संध्याकाळ इडलीचं पीठ वाटत नसावेत.

तर चार ट्रॅक, म्हणजे माझा चार जणांचा ताफा. पहिल्यावर खर्ज धरून बसलाय तो मेमधल्या एका रविवारचा मी. दुसऱ्यावर जुलैतला, बाहेर पाऊस, खिडक्या बंद. तिसऱ्यावर ऑक्टोबरमधला, नुकताच चष्म्याचा नंबर बदललेला. हे तिघे एकाच माणसाचे, एकाच यंत्रावर बसलेले, आणि तिघांचं आपसात जमत नाही. प्रत्येकाने आपापल्या दिवशी कानाने षड्ज लावलेला, प्रत्येकाला वाटलेलं की लागला. एकत्र वाजवले की मे आणि जुलै यांच्यात केसभर अंतर निघतं, आणि इतके जवळ आलेले दोन स्वर एक न झाल्यामुळे त्यांच्यातून एक संथ हेलकावा उठतो, झोपाळ्याच्या कडीसारखा. संसाराबद्दल मी काही म्हणत नाही. जुलैतला मी तर लयीलाही घाईचा. बहुधा दूध आणायचं राहिलं असणार. ऑक्टोबरमधला त्याला सांभाळून घेतो, थांबतो, मोकळी जागा सोडतो. तीन महिन्यांपूर्वीच्या स्वतःची चूक आज आपण इतक्या सौजन्याने झाकतो, हे मला टेपनेच पहिल्यांदा दाखवलं; एरवी मला माझ्या चुकांशी इतकं अदबीने वागताना कुणी पाहिलेलं नाही.

मींड हाही एक नॉब आहे. त्याचं नाव पोर्टामेंटो. तो वाढवला की यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जातं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत, ही तिच्यावरची मुख्य तक्रार. माझं यंत्र त्या परीक्षेला बसलं असतं तर पास झालं असतं, कारण मधल्या सगळ्या श्रुती त्याच्यापाशी आहेत. पण त्याची मींड लिफ्टसारखी आहे. मधले सगळे मजले लागतात, कुठेच कुणी भेटत नाही. आत्या यमनात निषादावरून षड्जाला जायची तेव्हा वाटेत तिला काहीतरी आठवायचं, ती क्षणभर रेंगाळायची, आणि पोचायची ती जरा बदलून. त्यासाठी नॉब कुठला, ते मी अजून शोधतोय.

चरणजित सिंग यांनी मात्र असल्या शंका काढल्या नाहीत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य गेलेला हा मुंबईचा वादक. १९८२ साली रोलंडची तीन नवी यंत्रं घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यांत ललित, तोडी, मालकंससुद्धा. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि शिकागोत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्या 'अ‍ॅसिड हाउस'चा गाजावाजा झाला त्याच्या कितीतरी आधी हे आमच्या मुंबईत होऊन गेलं, असं जग म्हणू लागलं. मालकंसाला पाच स्वर, आणि यंत्रात रचून ठेवलेल्या सुरावटीला तर तेवढेही पुष्कळ. त्यांचा ट्रंक कॉल अठ्ठावीस वर्षांनी लागला. लागला तेव्हा ते हयात होते आणि युरोपात जाऊन तो त्यांनी स्वतः घेतलाही, याचं मला बरं वाटतं.

माझा चौथा ट्रॅक बरेच महिने रिकामा होता. त्या तिघांच्या वर काय घालावं सुचेना. मग कपाट आवरताना एक कॅसेट निघाली. १९८२च्या दिवाळीत आतेभावाने मिरजेला टेप केलेली, आत्याचा यमन. आधी मी मूर्खासारखी ती चार ट्रॅकच्या यंत्रात घातली. हे यंत्र दुप्पट वेगाने धावतं आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू एकदमच वाचतं, त्यामुळे आत्या चिमणीच्या आवाजात यमन गाऊ लागली आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूची आत्या शेवटाकडून सुरुवातीकडे. बायको हातातलं काम टाकून धावत आली. "काय हो हे?" मी म्हटलं, "आत्या." तिने माझ्या आत्याला पाहिलेलं नाही, लग्नाआधीच ती गेली. तरी आदराने क्षणभर ऐकत उभी राहिली.

मग साध्या टेपरेकॉर्डरवर लावली. एमएस-२०ला एक गुण आहे, जो त्याच्या जातीच्या फार थोड्या यंत्रांत असतो. बाहेरचा आवाज त्याच्या एका भोकात सोडला की तो आवाज कुठल्या उंचीचा आहे ते हे ओळखतं आणि आपल्या आवाजात त्याच्यामागून गातं. मी टेपरेकॉर्डरची वायर त्या भोकात खोचली. टक्. तंबोरा सुरू झाला आणि यंत्र बावचळलं. त्याला एका वेळी एकच कळतं, आणि इथे चार तारा आणि दोऱ्याने उजळलेले त्यांचे सगळे नातेवाईक. कुणाच्या मागे जावं ते न कळून ते पिंजऱ्यातल्या पोपटासारखं या दांडीवरून त्या दांडीवर फडफडत राहिलं. मी हसत होतो. इतक्यात टेपमधला तंबोरा थांबला. आत्याने तारांवर हात ठेवला असणार. एक खोकला आला, यंत्रही तिच्याबरोबर खोकलं. आणि मग आत्या, गात नव्हती, नुसती बोलली. शेजारी मी दुसरा तंबोरा घेऊन बसलेलो असणार, पंचविशीतला, एक्स्चेंजमधून चार दिवसांची रजा काढून आलेला.

"लागला का रे?"

यंत्राने ते जसंच्या तसं गायलं. शब्द नाहीत, कारण शब्द त्याला कळत नाहीत, फक्त उंची. पहिली तीन अक्षरं जवळजवळ एका जागी, 'का'वर एकदम वर, आणि 'रे'वर अर्ध्यातून खाली येऊन लोंबकळत राहिलेला स्वर. तेवढ्यापुरती त्याची मींड लिफ्टसारखी नव्हती. टेपवर माझं उत्तर नाही. मी मान हलवली असणार. मान टेपवर येत नाही.

तेवढा तुकडा मी चौथ्या ट्रॅकवर घेतला. खाली मे, जुलै आणि ऑक्टोबर आपापल्या सुरात डुलतायत, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय, आणि मध्येच एकदा, फक्त एकदा, तो स्वर. यंत्राचा आवाज, आत्याचा नव्हे. ज्याला माहीत नाही त्याला ती एक विचित्र तान वाटेल. बायकोला काही न सांगता मी हेडफोन तिच्या हातात दिला. तिने ओले हात पुसले, डोळे मिटून ऐकलं, आणि तो तुकडा येऊन गेल्यावर एक कान मोकळा करून माझ्याकडे पाहिलं.

"कुणीतरी काहीतरी विचारतंय हो," ती म्हणाली. "उत्तर द्या की."